घर हीच पहिली प्रयोगशाळा

इतिहासाच्या शिक्षकाने विज्ञानाच्या प्रयोगांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु या विषयाकडे मी इतिहासाच्याच वाटेने आलो. आपल्या देशात विज्ञान मागे का पडले, हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे; आणि त्याचे उत्तर शोधत गेले की ते आपल्या घरातील चुलीपर्यंत आणि अंगणापर्यंत आणून सोडते.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक. हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासावरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध झाला. प्राचीन भारतात धातुविद्या, रंगकाम, औषधनिर्मिती यांत एवढी प्रगती झालेली असताना ती पुढे का खुंटली, याची मीमांसा करताना त्यांनी जातिव्यवस्थेकडे बोट दाखविले. हाताने काम करणारे खालच्या पायरीवर ढकलले गेले आणि ज्यांच्यापाशी ग्रंथ होते ते हाताच्या कामापासून दूर राहिले. त्यामुळे 'कसे' आणि 'का' विचारणारी बुद्धी कारागिरीपासून तुटली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या निष्कर्षाचा अर्थ आपल्या पूर्वजांच्या जगण्यात शोधावा. कातडे कमावणाऱ्यास बाभळीच्या सालीचा गुण ठाऊक होता. लोखंड किती लाल झाले म्हणजे पाण्यात बुडवावे, हे लोहाराचे डोळे सांगत. कोणत्या मातीला किती ओल पुरते, हे शेतात राबणाऱ्या बाईला तळव्याने कळे. हे सारे निरीक्षणातून आणि पुन:पुन्हा करून पाहण्यातून आलेले ज्ञान होते. परंतु त्यांच्या हाती लेखणी नव्हती आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी कधी ओले कातडे हाताळले नव्हते. हात एकीकडे राहिले, अक्षरे दुसरीकडे. आज आपली मुले शाळेत आली, अक्षरे त्यांच्या हाती आली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण अक्षरे मिळवताना हात सुटले तर तीच फारकत नव्या रूपाने सुरू राहील. 'पाणी रंगहीन, गंधहीन असते' असे वहीत दहा वेळा लिहिणाऱ्या मुलाने आपल्या विहिरीचे पाणी पेल्यात घेऊन एकदाही निरखले नसेल, तर त्याने विज्ञान शिकले असे म्हणता येणार नाही.

लहान मुलांनी घरी करावयाच्या साध्या प्रयोगांचे महत्त्व मला यासाठी वाटते. चार ते दहा वर्षांच्या वयात मूल बहुतांशी घरी असते. निवासी शाळेत येण्यापूर्वीची ही वर्षे पालकांच्या हातची असतात आणि शाळेत आल्यानंतरही दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी घरचीच असते. 'आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय शिकविणार', असे अनेक माय-बाप संकोचाने म्हणतात. हा संकोच दूर व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पाहणे, विचारणे, पडताळणे

मायकेल फॅरडे याचे नाव वीजनिर्मितीच्या पाठात येते. तो १७९१ साली इंग्लंडमध्ये एका लोहाराच्या घरी जन्मला. शालेय शिक्षण जेमतेम झाले. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीस लागला आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचता वाचता त्यांतील प्रयोग स्वत:च्या तुटपुंज्या पैशांत करून पाहू लागला. पुढे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाल्यावर १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. विषय होता एक मेणबत्ती! मेणबत्तीत नेमके काय जळते, वात की मेण? ज्योतीच्या मध्यभागी काळसर भाग का दिसतो? झाकल्यावर ती का विझते? एका मेणबत्तीच्या आधारे त्याने मुलांना सारे रसायनशास्त्र दाखविले. मेणबत्ती आपल्या विहारातही असते आणि वीज गेली की घरातही. फॅरडेचे प्रश्न विचारायला आपल्यालाही कोणी अडविलेले नाही.

धम्माच्या गुणांत 'एहिपस्सिको' हा शब्द आपण वंदनेच्या वेळी म्हणतो. 'ये आणि पाहा' असा त्याचा सरळ अर्थ. केसपुत्त गावच्या कालामांनाही तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा केवळ गुरूच्या मोठेपणावर विसंबू नका, असे सांगितले होते. भारतीय संविधानात १९७६च्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत अनुच्छेद ५१ क (ज) नुसार वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चौकस बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. हे कर्तव्य अठराव्या वर्षी मतदानाच्या हक्कासोबत आपोआप अंगी येत नाही. आपल्या भागातले मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी 'काहून?' असे विचारू लागते, तेव्हाच त्याचा आरंभ झालेला असतो. पुढे तो आरंभ टिकतो की दटावणीने विझतो, हे घरावर अवलंबून असते.

पुढील पाच प्रयोगांसाठी बाजारातून काही आणावे लागत नाही. प्रत्येक प्रयोग करताना क्रम एकच ठेवावा. आधी मुलाला विचारावे, 'काय होईल असे तुला वाटते?' मग करावे. मग 'काय दिसले?' हे त्याच्याच शब्दांत सांगू द्यावे. शेवटी एखादी गोष्ट बदलून पुन्हा करावे. मोठ्यांचे काम सोबत करण्याचे आणि सुरक्षितता सांभाळण्याचे. विस्तव, चुना आणि पाते ही मोठ्यांच्याच हाती राहतील; शेतीची औषधे व त्यांचे रिकामे डबे कोणत्याही प्रयोगात येणार नाहीत, हे नियम पक्के असावेत.

पहिला प्रयोग : हळदीचा रंग

हळदीची पूड थोड्या पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर पातळ लेप द्यावा व कागद सावलीत वाळू द्यावा. मग धुण्याच्या साबणाच्या पाण्यात बोट किंवा काडी बुडवून मुलाला त्यावर चित्र काढू द्यावे. पिवळ्या कागदावर लाल रेघ उमटते. त्याच रेघेवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला की ती पुन्हा पिवळी होते. मूल हा खेळ कंटाळा येईपर्यंत करील, करू द्यावा. साबणाऐवजी मिठाचे पाणी, साखरेचे पाणी, ताक, चिंचेचा कोळ, राखेचे पाणी घेऊन पाहावे आणि कोणत्या पदार्थाने काय झाले ते वहीत मांडावे.

हळदीतील कुर्क्युमिन नावाचे पिवळे द्रव्य आम्लारीच्या संपर्कात लालसर होते. आम्ल मिळाले की पूर्ववत पिवळे होते. साबण व चुना आम्लारीधर्मी आहेत, लिंबू व चिंच आम्लधर्मी. वरणाचा डाग पडलेला सदरा धुताना डाग एकाएकी लाल होतो, हे प्रत्येक आईने पाहिलेले असते. तिला ठाऊक असलेली गोष्टच मुलाच्या पाठ्यपुस्तकात काही वर्षांनी 'दर्शक' या नावाने येते. जास्वंदीची पाकळी कागदावर घासून हाच खेळ करता येतो. त्या जांभळट डागावर लिंबू पिळले तर लाल रंग येतो, साबणाचे पाणी लावले तर हिरवट.

या खेळाला आपल्याकडे गंभीर बाजू आहे. लिंबू कापून त्यातून 'रक्त' काढणारा बुवा पात्याला आधीच जास्वंदीचा रस लावून आलेला असतो. कावीळ 'उतरविणारा' रुग्णाच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळतो आणि चुन्याच्या निवळीने हात धुतो. पाणी पिवळे होते आणि कावीळ उतरली असे भासते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे प्रकार गावोगाव करून दाखविले आहेत. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदाही झाला. परंतु कावीळ हे यकृताच्या बिघाडाचे लक्षण आहे आणि हात धुण्यात गेलेले दिवस रुग्णाच्या जिवावर बेततात. ज्या मुलाने सहाव्या वर्षी स्वत:च्या हाताने हळद लाल करून पुन्हा पिवळी केली, ते मूल सोळाव्या वर्षी पिवळे पाणी पाहून हात जोडणार नाही. ते विचारील, 'पाण्यात काय घातले?' हा एक प्रश्न घरातील माणसास वेळेवर दवाखान्यात पोहोचवू शकतो.

दुसरा प्रयोग : चालणारे पाणी

आपला जिल्हा कापसाचा. कापूस सुटा करून एक लांब, सैलसर वात वळावी. दोन पेले शेजारी ठेवावेत. एक पाण्याने भरलेला, दुसरा रिकामा. वातीचे एक टोक पाण्यात, दुसरे रिकाम्या पेल्याच्या तळाशी सोडावे. आधी मुलाला विचारावे, 'पाणी वर चढेल का?' काही वेळात वात ओली होत जाते आणि काही तासांनी रिकाम्या पेल्यात पाणी साठू लागते. पाण्यात थोडी निळ घातली तर त्याची चाल स्पष्ट दिसते. मग वातीच्या जागी सुती धोतराची पट्टी, नायलॉनच्या ओढणीची पट्टी, प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी लावून कोणती किती पाणी वाहून नेते याची तुलना करावी.

कापसाच्या तंतूंना पाण्याचे आकर्षण असते आणि तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी पुढे सरकत जाते. यास केशाकर्षण म्हणतात. दिव्याच्या वातीत तेल चढते ते यामुळेच. जमिनीतील ओल वरच्या थरात येते तीही काही अंशी यामुळेच.

येथे आपल्या जिल्ह्याचा एक दु:खद अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. २०१७च्या हंगामात कापसावर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. औषधांची मिश्रणे, उंच वाढलेले पीक, संरक्षक साधनांचा अभाव यांची चर्चा तेव्हा झाली. पण एक गोष्ट आपली वात आपल्याला सांगते. सुती सदऱ्याच्या पाठीवर पंपातून गळलेले औषध त्या ठिकाणीच थांबत नाही. कापड ते पसरवीत नेते आणि घामेजलेल्या अंगाला चिकटवून ठेवते. ओला सदरा तत्काळ उतरवून अंग साबणाने धुणे का आवश्यक, फवारणी वाऱ्याच्या दिशेने का करावी, पाठीवर प्लास्टिकचे आवरण का घ्यावे, हे सारे मुलाला दोन पेल्यांच्या खेळातून उमगते. मूल वाचू लागले की औषधाच्या वेष्टनाच्या चित्रावरील चौकोन त्याला दुरून दाखवावा. लाल खूण सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळी, निळी आणि हिरवी. हिरवी खूण म्हणजे निर्धोक नव्हे, तुलनेने कमी विषारी, हेही सांगावे. 'बाबा, सदरा ओला झाला, बदला' असे सांगणारे मूल घरात असणे हेही एक संरक्षण आहे.

तिसरा प्रयोग : थेंबाचे रहस्य

स्टीलचे एक स्वच्छ ताट घ्यावे. त्यावर अंतर ठेवून चार थेंब टाकावेत. एक पावसाच्या पाण्याचा, एक विहिरीच्या, एक हातपंपाच्या किंवा बोअरच्या आणि एक मीठ विरघळलेल्या पाण्याचा. ताट उन्हात ठेवावे. सारे थेंब वाळल्यावर प्रत्येकाच्या जागी काय उरले ते पाहावे. पावसाच्या थेंबाची जागा बहुधा जवळजवळ स्वच्छ असते. बोअरच्या थेंबाच्या जागी पांढरे कडे उमटते. मिठाच्या पाण्याचे तर स्पष्टच दिसते. यानंतर मुलाला विचारावे, 'थेंब असताना मीठ दिसत होते का?' जे दिसत नाही तेही असू शकते, हा धडा सहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा सोप्या रीतीने देता येणार नाही.

आता तुरटीचा प्रयोग जोडावा. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. तसेच मिठाच्या पाण्यात तुरटी फिरवून ते चाखले तर खारटपणा तसाच राहतो. गाळ जातो, विरघळलेले जात नाही.

आपल्या जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसल्यास १.५ मिलिग्रॅमच्या पुढे तरी जाऊ नये, असे भारतीय मानक सांगते. जास्त फ्लोराईडमुळे लहानपणी घडत असलेल्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात आणि दीर्घकाळ तेच पाणी पिण्यात आल्यास हाडे व सांधे आखडतात. असे पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ असते. ते उकळून फ्लोराईड जात नाही. पाणी आटते आणि फ्लोराईड तेवढेच उरते. ताटावरील पांढरे कडे पाहून त्यात फ्लोराईड आहे की नाही हे सांगता येत नाही, ही मर्यादा मुलाला अवश्य सांगावी. त्यासाठी पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीमार्फत प्रयोगशाळेतच तपासून घ्यावा लागतो. मात्र 'पाणी स्वच्छ दिसते, मग तपासायचे कशाला?' या मोठ्यांच्या प्रश्नाला ताटावरचे ते कडे पुरेसे उत्तर आहे. पाण्यासाठी ज्या समाजाला महाडला सत्याग्रह करावा लागला, त्याने हक्काने मिळालेल्या पाण्यात काय आहे हेही हक्काने विचारले पाहिजे.

चौथा प्रयोग : शंभर दाणे

लहान मुलांसाठी आरंभ मुगापासून करावा. तीन वाट्यांत दहा-दहा मूग घ्यावेत. पहिल्या वाटीत कोरडे, दुसऱ्यात ओल्या फडक्यावर, तिसऱ्यात पूर्ण पाण्यात बुडवून. चार-पाच दिवस रोज सकाळी पाहावे. कोरड्यांना ओल नाही म्हणून ते तसेच राहतात. ओल्या फडक्यावरचे मोड धरून वाढतात. बुडालेल्यांचे सुरुवातीला बरे चालले असे वाटते, पण पुढे ते कुजू लागतात. कारण बियाण्यालाही हवा लागते. साचलेल्या पाण्यात पेरणी का वाया जाते, हे यावरून समजते.

मूल मोजू लागले की त्याला शंभर दाण्यांचे काम द्यावे. घरचे सोयाबीन पेरायचे असल्यास पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून दाणे घेऊन त्यांतून न निवडता शंभर दाणे मोजावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून ओल टिकवावी. पाच ते सात दिवसांनी उघडून चांगला कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा त्याहून अधिक निघाले तर बियाणे पेरणीयोग्य. कमी निघाले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते आणि फारच कमी असल्यास ते बदलावे लागते. सोयाबीनच्या बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवणशक्ती हे प्रमाण ठरलेले आहे. यासाठी घरचेच, प्रक्रिया न केलेले दाणे वापरावेत. रंग चढविलेल्या बियाण्याला औषध लावलेले असते. त्यास मुलांचा हात लागू देऊ नये.

चौथीतील मुलीने सात दिवस गोणपाट ओले ठेवून 'शंभरातले त्रेसष्टच उगवले' असे सांगावे आणि बापाने तिचे ऐकून पेरणीचा बेत बदलावा, याहून मोठा विज्ञानाचा सन्मान दुसरा नाही. तिला टक्केवारी कळली, नमुना म्हणजे काय ते कळले आणि आपल्या मोजणीवर घराचा एक हंगाम उभा आहे, हेही कळले. येथे 'मुलीने' हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरला आहे. मुलाने प्रयोग करावा आणि बहिणीने त्यासाठी पाणी आणून द्यावे, ही वाटणी सावित्रीबाईंच्या लेकरांच्या घरात असू नये.

पाचवा प्रयोग : सावलीचे घड्याळ

अंगणातील सपाट जागी एक सरळ काठी उभी रोवावी. ती खरोखर उभी आहे की नाही, हे दोऱ्याला दगड बांधून पडताळावे. सकाळी आठपासून दर तासाला सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवावा. सावली सकाळी पश्चिमेकडे लांब असते, आखूड होत येते आणि मग पूर्वेकडे वाढू लागते. सर्वांत आखूड सावली नेमकी केव्हा पडते, ते मुलाला शोधू द्यावे. घड्याळात बारा वाजता, असे सारेच सांगतात. आपल्याकडे मात्र ती उन्हाळ्यात सव्वाबाराच्या सुमारास पडते. कारण आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि यवतमाळ त्याच्या पश्चिमेस सुमारे ७८ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने सूर्य आपल्या डोक्यावर उशिरा येतो. केवळ एका काठीने मूल घड्याळाची अशी उलटतपासणी करू शकते.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोन दिवस सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. यवतमाळ शहरी हा दिवस २२ मेच्या आसपास येतो. दक्षिणेकडे, उमरखेडच्या बाजूस, तीन-चार दिवस आधी. दुसरा दिवस जुलैच्या उत्तरार्धात असतो, पण तेव्हा बहुधा आभाळ असते. मेमध्ये मात्र मुले सुट्टीत घरीच असतात आणि ऊन भरपूर असते. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेकडे पडते, तेही खडे ठेवून पाहावे. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, पाहायचे ते सावलीकडे, एवढी शिस्त पाळावी. पुण्या-नागपुरात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी गच्चीवर हाच प्रयोग करून गावच्या भावंडांशी फोनवरून सावल्यांची लांबी पडताळून पाहिली, तर पृथ्वी गोल असल्याचे पुस्तकातील वाक्य त्यांच्या मुलांना अनुभवाचे होईल.

साधने थोडी, सोबत मोठी

साध्या वस्तूंतून विज्ञान शिकविण्याची परंपरा आपल्या देशात आता रुजलेली आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांपासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. ग्रामीण मुलांनी प्रयोग स्वत: करून शिकावे, हे त्याचे सूत्र होते. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झालेले आणि पुण्याच्या टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता या कार्यक्रमात सहभागी झाले. तेथे त्यांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांतून भूमितीच्या आकृती करण्याची युक्ती सुचली. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी मुलांपुढे मांडली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महागड्या साधनांवाचून विज्ञान अडत नाही, हे त्यांच्या कामाने सिद्ध केले.

दुसरे काम मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे. १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्राने महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत काम केले. ही मुले बुद्धीने कमी नाहीत, त्यांची वाट पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा आणि शिकविण्याची रीत यांनी अडविलेली असते, हे त्या कामातून पुढे आले. पालकांसाठी यातील बोध सरळ आहे. मूल वऱ्हाडीत सांगत असेल, गोंडीत किंवा बंजारा बोलीत सांगत असेल, तर सांगू द्यावे. 'पानी कापसातून चढलं' हे वाक्य 'केशाकर्षण' या शब्दाइतकेच शास्त्रीय आहे; शब्द नंतर येतो, पाहणे आधी.

आणखी तीन सूचना करून थांबतो. एक, उत्तर सांगण्याची घाई करू नये. 'मलाही ठाऊक नाही, करून पाहू' हे वाक्य निरक्षर आजीसुद्धा म्हणू शकते आणि ते शास्त्रज्ञाच्या तोंडीही शोभते. दोन, प्रयोग फसला तर मुलास हसू नये. का फसला ते शोधणे हाच पुढचा प्रयोग समजावा. तीन, चाळीस पानी एक वही फक्त यासाठी ठेवावी. तारीख, काय केले, काय वाटले होते, काय दिसले, एवढ्या चारच गोष्टी त्यात असाव्यात. लिहिता न येणाऱ्या मुलाने चित्र काढावे. हळदीचा कागद, वाळलेला कोंब त्यातच चिकटवावा.

ज्यांच्या पणज्यांना हातांतील ज्ञान लिहिता आले नाही, त्यांची पणतवंडे स्वत:च्या हातांनी केलेले स्वत:च्या अक्षरांत लिहितील, तेव्हा आचार्य राय यांनी दाखविलेली ती जुनी फारकत त्या घरापुरती तरी मिटलेली असेल. माझी माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, पुढील मेळाव्यास येताना आपल्या मुलांच्या अशा वह्या सोबत आणाव्यात. शाळेच्या ग्रंथालयात इतिहासाच्या पुस्तकांशेजारी त्यांना मानाची जागा देण्याचे काम माझे.